म्हाताऱ्या घोडीचा दावा

कालमुरातनं आपल्यावर दावा लावलाय, हे बुरुलला गावात सगळ्यांत शेवटी कळलं. आधी दुकानदारणीला कळलं, मग तिच्याकडे पीठ न्यायला येणाऱ्या प्रत्येकीला, मग शाळेतल्या मास्तरणींना. बुरुल हिवाळ्यासाठी गोवऱ्या रचत होती, तेव्हा ग्रामकचेरीचा शिपाई कुंपणापाशी थांबला आणि म्हणाला, "शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, क्लबात. आक्साकाल पंच म्हणून बसणार आहेत. तुम्हाला बोलावलंय." मग त्यानं आवारातल्या तांबूस घोडीकडे आणि तिच्या पोटाशी ढुशा देणाऱ्या शिंगराकडे पाहिलं. "छान होती हो तुमची घोडी," असं म्हणून तो निघून गेला.

होती, म्हणाला. बुरुलनं हातातली गोवरी जरा जास्तच जोरात लावली.

शुक्रवारी सकाळी तिच्या स्वयंपाकघरात तीन बायका चहाला बसल्या होत्या आणि तिघींची तीन मतं होती. बिश्केकहून रात्रभर टॅक्सीत आखडून आलेली नणंद मीरगुल कोट न काढताच बोलायला लागली होती. ती तिकडे नोटरीच्या कचेरीत काम करायची, त्यामुळे तिला जगातलं सगळं एक तर शिक्क्याचं दिसायचं किंवा बिनशिक्क्याचं.

"वहिनी, तू काही म्हणजे काही बोलू नकोस. एकच विचारायचं. कागद कुठाय? एवढ्या किमतीची वस्तू उसनी दिली तर लिहून घ्यावं लागतं, कायदाच आहे. त्यांच्याकडे कागद नाही. संपलं."

"आणि जनावर आणलं होतं, ते?" सासूबाई म्हणाल्या. सोनून आपा खिडकीशी बसून तळलेला बोरसोक चहात बुडवत होत्या. दात गेल्यापासून त्या सगळंच बुडवून खायच्या. "ते काय आम्ही स्वप्नात खाल्लं?"

"आणलं होतं ना. दिलं होतं. उसनं नव्हतं दिलं."

"मग तसं म्हण. कागद कुठाय म्हणजे काय? चोराचं बोलणं झालं ते."

"आपा, तू कोणाच्या बाजूनं आहेस?"

आपांनी बोरसोक पुन्हा चहात बुडवला. "मी म्हणते, देऊन टाका घोडी."

बुरुलनं चहाची वाटी खाली ठेवली. हे ऐकायची तयारी तिनं चार दिवस केली होती, तरी लागायचं ते लागलंच.

गोष्ट एवढीशी होती. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये बुरुलच्या नवऱ्याचं, एसेनबायचं वर्ष झालं, त्याचा आश झाला. वर्षाच्या जेवणाला सगळं खोरं लोटलं. नातलगांनी आपापला कोशुमचा, म्हणजे आहेर, आणला, कुणी मेंढी, कुणी पिठाची पोती, कुणी पाकीट. एसेनबायचा थोरला चुलतभाऊ कालमुरात, ज्याच्या नावावर गावात दोन ट्रक आणि एक बढाई होती, तो घोडी घेऊन आला. घोडी म्हणजे घोडीच होती, चार पाय होते. पण ती इतकी म्हातारी होती, की फाटकातून आत येतानाच तिला दोनदा थांबून दम घ्यावा लागला. तिचं मांस पहाटेपासून शिजत होतं आणि संध्याकाळी पाहुणे ते चघळत निरोप घेत होते. कुणाचातरी सोन्याचा दात त्यात निखळला, तो शोधायला बायकांनी परातीतली शेवई उपसली होती.

आता सव्वा वर्षानं कालमुरातला आठवलं होतं, की ती घोडी त्यानं उसनी दिली होती. घोडीला घोडी, एवढंच त्याचं मागणं. आणि घोडी म्हणजे बुरुलची तांबूस, शिंगरासकट. उन्हाळाभर तिचं दूध काढून, कुमीस घुसळून, घाटरस्त्याला बाटल्या मांडून बुरुल वर्षाचा कोळसा आणि पीठ आणायची. तो दोनदा विकत मागायला आला होता. दोनदा नाही म्हटल्यावर त्याची स्मरणशक्ती सुधारली.

"देऊन टाका म्हणजे?" मीरगुल म्हणाली. "त्याच्या पोराच्या लग्नात कापायला? पुढल्या महिन्यात लग्न आहे, त्याला पंगतीसाठी जनावर हवंय. फुकटात."

"मला कळतं ते," आपा म्हणाल्या. "मी म्हातारी आहे, मठ्ठ नाही. पण उद्या मी गेले, तर दारात काठीवर वाकून माझ्या नावानं हंबरडा कोण फोडणार? माझा मुलगा गेला. नातू नाही. बुरुलची पोरगी तालासला. या घरातला मोठा पुरुष म्हणजे कालमुरात. तो उभा राहिला नाही, तर लोक म्हणतील सोनूनला कुणी नव्हतं."

मीरगुलनं आता कुठे कोट काढला.

बुरुल उठली, खरकटी भांडी गोळा केली. "आपा, तुमच्यासाठी मी घोडी दिली असती," ती म्हणाली. "आजसुद्धा देईन. त्यांनी मागितली असती तर. पण ते मागत नाहीत, ते म्हणतात कर्ज होतं. म्हणजे तुमच्या मुलाचं वर्षाचं जेवण आपण उधारीवर घातलं. लोक उधारीचं जेवून, त्याला दुवा देऊन घरी गेले. ते मी कसं कबूल करू?"

आपांनी बोरसोक वाटीतच सोडला. तो फुगत राहिला.

क्लबात शेगडी धूर ओकत होती आणि अर्धं गाव डोळे पुसत बसलं होतं, त्यामुळे सुरुवातीपासूनच मयतासारखं वातावरण होतं. लाल कापड घातलेल्या टेबलामागे तिघं आक्साकाल. मधे तुरार आजोबा. ते चाळीस वर्षं गुरांचे डॉक्टर होते, त्यामुळे माणसांशी बोलतानासुद्धा आधी त्यांच्या तोंडात बघायचे. उजवीकडे कानानं अधू सागिन आजोबा, डावीकडे आयशाकान आजी, ज्यांनी एके काळी पोस्ट चालवलं होतं आणि गावातलं प्रत्येक पाकीट उजेडात धरून पाहिलं होतं.

कालमुरात चामड्याचं जाकीट घालून आला होता. त्याची बायको बातमा पहिल्या ओळीत बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत लग्नासाठी आणलेल्या कापडांचे नमुने. नवऱ्याचा निकाल लागेपर्यंत ती शेजारणींना पडद्याचा रंग दाखवत होती.

"बोल," तुरार आजोबा म्हणाले.

कालमुरात उठला. आधी त्यानं पूर्वजांची नावं घेतली, मग रक्ताच्या नात्याबद्दल बोलला, मग घसा साफ करून डोळ्यांना रुमाल लावला. रुमालाचं कौतुक नव्हतं, धूर खरोखरच होता. "माझा भाऊ गेला. भावजय एकटी. पंगतीला जनावर कमी पडत होतं. मी म्हटलं, काळजी करू नकोस, माझी घोडी ने, जमेल तेव्हा परत कर. मी मनाचा मऊ आहे, हाच माझा दोष. सव्वा वर्ष मी तोंडातून शब्द काढला नाही."

"का नाही काढला?" आयशाकान आजींनी विचारलं.

"लाज वाटली."

"आणि आता?"

मागून कुणीतरी हसलं. कालमुरातनं मान वळवून पाहिलं, पण हसणारा तोवर खोकायला लागला होता.

तेवढ्यात मीरगुल उभी राहिली. बुरुलनं तिचा कोट ओढला, पण नोटरीच्या कचेरीतली बाई अशी ओढून बसत नाही. "माननीय आक्साकाल, एकच प्रश्न. लेखी कागद आहे का? एवढ्या रकमेचं उसनं कायद्यानं लेखीच लागतं. कागद नसेल तर दावा नाही. आणि तुमचा निकाल पटला नाही, तर आम्ही जिल्ह्याच्या कोर्टात जाऊ."

ती बरोबरच बोलत होती, पण दालनातली हवा बदलली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. इथल्या कुठल्याच घरात कागद नव्हता. प्रत्येकानं कुणाला ना कुणाला मेंढी दिलेली, कुणाकडून वासरू यायचं बाकी, आणि सगळं डोक्यात. ही शहरातली पोरगी एका वाक्यात अख्ख्या गावाची येणी बुडवून बसली होती.

"मुली," तुरार आजोबा म्हणाले, "मी पन्नास वर्षं लोकांच्या सुखदुःखात जनावरं नेतोय. कागद एकाचाही नाही. म्हणजे मी आता भिकारी झालो?"

"तसं नाही, आजोबा, पण कायदा..."

"कायदा बरोबर आहे. जिल्ह्याला जा, जिंकशील. मग गावात तुझ्या वहिनीकडे पुढच्या मयताला कोण काय आणेल, तेही विचारून ये."

कालमुरात हसला. त्याला वाटलं, पारडं फिरलं. आणि खरोखरच फिरलं होतं. मघाशी खोकणारा आता त्याच्याकडे बघून मान हलवत होता. मीरगुल बसली, तिचे कान लाल झाले होते. "चुकलं का गं माझं?" तिनं पुटपुटत विचारलं.

"नाही गं," बुरुल म्हणाली. "पण आता मला बोलू दे."

ती उठली. पहिला घोटाळा तोंड उघडतानाच. आपल्याकडे सून थोरल्या दिराचं नाव घेत नाही. लग्न होऊन आल्यापासून बुरुलनं कालमुरातला 'मोठ्या घरचे' म्हटलेलं. आता ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याचं नावच घेता येत नाही, म्हणजे हात बांधून कुस्ती.

"मोठ्या घरच्यांनी घोडी आणली, हे खरं आहे," ती म्हणाली. "मी नाकारत नाही. चालत आली असं म्हणवत नाही, पण आली. मला एवढंच विचारायचंय, फाटकातून ती आत आली तेव्हा तिच्यावर दुवा कुणी म्हटली?"

"मी," सागिन आजोबा म्हणाले. त्यांना नेमकं हवं तेव्हा ऐकू यायचं. "मीच म्हटली. मोठ्यानं."

"कुणाच्या नावानं?"

"हा काय, कालमुरातच्या. दाता म्हणून. म्हटलं, देणाऱ्याची दावण भरलेली राहो. शेजारी हात पसरून उभा होता की तो."

"हात तर सगळेच पसरतात," कालमुरात म्हणाला. "दुवा चालू असताना मी काय खिशात हात घालून उभा राहू?"

"आणि दुवेनंतर," बुरुल म्हणाली, "मोठ्या घरच्यांच्या खांद्यावर चपान घातला. मखमलीचा, निळा. ज्यानं आहेर आणला, त्यालाच आपण उलट वस्त्र देतो. उसनं देणाऱ्याला कुणी वस्त्र देतं का? बँकेत कुणी साहेबाच्या अंगावर शाल घालतं का?"

आता लोक मोकळे हसले. कालमुरातच्या मानेवर तांबडं चढलं. तो घाईत बोलला, आणि घाईत माणूस जे बोलतो ते बोलला. "चपानाचं काय एवढं. थंडी वाजत असेल मला, म्हणून घातला असेल कुणीतरी."

बुरुल पुढचं बोलणार होती, पण मागच्या बाकावरून काठी आपटल्याचा आवाज आला. सोनून आपा उठत होत्या. एका हातानं समोरच्या बाकाची पाठ धरून, सावकाश.

"जूनमध्ये?" त्या म्हणाल्या.

कालमुरातनं मागे वळून पाहिलं.

"जूनमध्ये थंडी वाजत होती तुला? तो चपान मी शिवला होता, कालमुरात. माझ्या मुलासाठी. त्याच्या पन्नाशीला घालायचा म्हणून दोन हिवाळे बसून शिवला, आणि तो त्याआधीच गेला. मी पेटीत ठेवला होता. तू घोडी आणलीस, म्हटलं, माझ्या लेकाच्या नावानं एवढं मोठं जनावर आणलं, याच्या खांद्यावर त्याचाच चपान शोभेल. माझ्या हातानं घातला. तू माझा हात डोळ्यांना लावलास. आठवतं?"

"काकी, मी तसं म्हटलं नाही..."

"थंडी वाजत होती म्हणे." आपा तुरार आजोबांकडे वळल्या. "सकाळी मी सुनेला सांगत होते, देऊन टाक घोडी. हा माझ्या मयताला उभा राहील म्हणून. आता मी म्हणते, हा नाही उभा राहिला तरी चालेल. याला त्या दिवशीही थंडी वाजेल."

त्या बसल्या. बुरुलनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर तिला पुढे बोलता आलं नसतं. टेबलामागे तिन्ही डोकी जवळ आली आणि पुन्हा लांब झाली. आयशाकान आजींनी रुमालात नाक शिंकरलं.

"कर्ज नव्हतं," तुरार आजोबा म्हणाले. "कोशुमचा होता. दावा फेटाळला."

इथं संपायला हवं होतं. पण कालमुरात ट्रकवाला होता, रस्ता बंद दिसला तर शेतातून गाडी घालणारा. "ठीक आहे," तो म्हणाला. "कोशुमचा तर कोशुमचा. पण कोशुमचा काय फुकट असतो? आज मी आणला, उद्या तिनं आणायचा, खरं की नाही? सांगा, आक्साकाल, खरं की नाही?"

तुरार आजोबांनी नाइलाजानं मान हलवली. खरं होतं.

"मग झालं. पुढच्या महिन्यात माझ्या पोराचं लग्न आहे. भावजयीनं कोशुमचा परत आणावा. घोडीला घोडी. जिवंत, स्वतःच्या पायानं चालत."

  चार रात्री बुरुल याच दारापाशी येऊन थांबली होती. कर्ज नाही म्हणून सिद्ध केलं, तर आहेर होतो, आणि आहेर फेडावाच लागतो. मीरगुलनं तिचा हात घट्ट धरला. उत्तर बुरुलला सुचलं होतं, पण ते तिच्या तोंडून आलं असतं तर पळवाट वाटली असती. म्हणून तिनं फक्त पहिल्या ओळीत पाहिलं, बातमाकडे.

बातमाच्या मांडीवरचे पडद्याचे नमुने खाली पडले होते.

"कुठली घोडी?" ती नवऱ्याला म्हणाली.

"तुला काय करायचंय, तू बस."

"कुठली घोडी, विचारते. मयताच्या पंगतीची फेड? ती तू माझ्या दारात आणणार? माझ्या सुनेचं पाऊल पडायचंय तिथं?"

"अगं, घोडी ती घोडी..."

"तुझ्या आईनं शिकवलं नाही का तुला?" बातमा आता उभीच राहिली होती. "मेलेल्याच्या नावानं आलेलं लग्नात फेडत नाहीत. आश्‍मधलं आश्‍मध्येच फिरतं. माझ्या मावशीनं एकदा मेंढी आणू दिली, नुसती मेंढी, सहा महिन्यांत पोरगी परत माहेरी. आणि हा घोडी आणतोय. सुनेच्या माणसांना कळलं तर ते उंबऱ्यावरून मागे फिरतील. मी आत्ता सांगते, सगळ्यांसमोर, ती घोडी माझ्या फाटकातून आत आली तर मी त्याच फाटकातून बाहेर जाईन."

"बरोबर बोलते ती," आयशाकान आजी म्हणाल्या.

"पूर्ण बरोबर," सागिन आजोबा म्हणाले, आणि त्यांनी काय ऐकलं होतं ते देवाला माहीत, पण त्यांनी ते ठामपणे म्हटलं.

कालमुरातनं आधी बायकोकडे, मग टेबलाकडे, मग छताकडे पाहिलं. तिथं धूर होता.

"तर मग," तुरार आजोबा बुरुलला म्हणाले, "देणं आहे, पण लग्नात नाही. तू काय म्हणतेस?"

"मी देणं मानते," बुरुल म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच फार गोड वाटला. "फेडीनही. म्हातारी घोडी आली होती, मी तरणी आणीन. लठ्ठ, चरबी सुटलेली, पाहुण्यांच्या दातांना त्रास नको. मोठ्या घरच्यांचा आश होईल, त्या दिवशी सगळ्यांच्या आधी मी फाटकाशी उभी असेन."

 मग हसू मागून सुरू झालं आणि बाकांवरून पुढे सरकत टेबलापर्यंत आलं. आयशाकान आजींनी तोंडावर रुमाल धरला. बातमा हसू दाबायला नमुने उचलायच्या निमित्तानं खाली वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

मीरगुलनं तोवर पिशवीतून कागद आणि पेन काढलं होतं. "निकाल लिहायला हवा," ती म्हणाली. या वेळी तिला कुणी अडवलं नाही. ती भराभर लिहीत गेली, आणि अडली. "मुदत काय लिहू, आजोबा? फेडीचा दिवस लागतो."

"सांगितलं ना तिनं. आशच्या दिवशी."

"कुणाच्या? कागदावर 'मोठ्या घरचे' चालत नाही. देणारीनं नाव घेऊन सांगावं लागेल."

बुरुलनं सासूबाईंकडे पाहिलं. सोनून आपा खिडकीबाहेर बघत होत्या, जणू त्यांना काही ऐकूच आलं नाही.

"कालमुरातच्या," बुरुल म्हणाली.

तीस वर्षांत पहिल्यांदा. जीभ अडखळली नाही. मीरगुलनं ते नाव ठळक अक्षरांत लिहिलं आणि सही करायला कागद पुढे सरकवला. कालमुरातनं पेन घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. स्वतःच्या वर्षाच्या जेवणाच्या तारखेखाली सही करायची वेळ माणसावर रोज येत नाही. अखेर त्यानं केली, कारण न करता बसायला जागा उरली नव्हती.

तुरार आजोबांनी दोन्ही तळहात उघडून वर धरले, आणि त्याबरोबर सगळ्या दालनानं. भांडण कसंही सुटो, बैठक दुवेशिवाय उठत नाही. त्यांनी नात्यांत गोडवा मागितला, गुरांना चारा मागितला, नवरीला लेकरं मागितली. मग जरा थांबून, पांढऱ्या दाढीआड कुठेतरी हसत, म्हणाले, "आणि आमच्या कालमुरातला उदंड आयुष्य दे. शंभर वर्षं दे. त्याचे पाय घट्ट ठेव, छाती निरोगी ठेव."

"ओमीन," सगळे म्हणाले.

बुरुलचे हात अजून वरच होते. आयुष्यात तिनं पुष्कळ दुवा मागितल्या होत्या, निम्म्या तोंडदेखल्या. या माणसासाठी आपण इतक्या मनापासून काही मागू, असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिनं डोळे मिटले, बाकीच्यांचे हात चेहऱ्यावरून उतरले तरी आपले उतरवले नाहीत, आणि त्याच्या छातीसाठी, पायांसाठी, रक्तदाबासाठी, हिवाळ्यात घाटातून ट्रक नेताना त्याच्या ब्रेकसाठी, एकेक करत सगळं मागून घेतलं.

"ओमीन," ती सगळ्यांच्या नंतर, सगळ्यांहून मोठ्यानं म्हणाली.